वेंकोबारावांनी पास केलेली गाडी

तमिळ पंचांगातला आवणी, म्हणजे श्रावण-भाद्रपद, लागला होता, पण उन्हाला कुणी तसं कळवलं नव्हतं. सकाळची कॉफी पोटात जिरायच्या आत गच्चीची फरशी तळपायाला चटके द्यायला लागली. तिरुवोट्टियूरला समुद्र म्हणजे शेजारच्या गल्लीत. पण वारा असा आळशी, की दुपारच्या जेवणाची वेळ झाल्याशिवाय अंथरुणातून उठत नाही. तोवर एन्नोरच्या वीजघरांकडून येते ती राख आणि बंदराकडे रांगा लावून निघालेल्या कंटेनरच्या लॉऱ्या उडवतात ती धूळ, एवढंच काय ते हवेत हलतं.

वेंकोबाराव लुंगी गुडघ्यावर दुमडून मिरच्या वाळत घालत होते. ताकात मुरवलेल्या, पोट चिरलेल्या मिरच्या. एकेक मिरची चिमटीत धरायची, तिच्याकडे जन्माचं वैर असल्यासारखं बघायचं आणि मग उपकार केल्यासारखी तिला जुन्या धोतरावर जागा द्यायची.

"ह्या मिरच्या कोणी आणल्या?" त्यांनी जिन्याकडे तोंड करून विचारलं. "देठ नाही, अंग नाही. मिरची आहे कीं मेलेली गोगलगाय?"

"तुम्हीच आणलांत," त्यांच्या पत्नी भवानीबाई खालूनच म्हणाल्या.

"बाजारवाल्यानं हातचलाखी केली असेल."

"मग तसं सांगा. फसलों म्हणूनु."

फसलों हा शब्द वेंकोबारावांच्या तोंडात बसत नसे. त्यांचे पूर्वज तंजावरच्या राजाच्या पदरी नेमके कोण होते ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण साधेसुधे चाकर नव्हते एवढं ते छातीवर हात ठेवून सांगत. घरात अजून ते जुनं तंजावरी मराठी चालायचं, मधूनमधून तमिळचा तडका मारलेलं. आणि घराबाहेर वेंकोबारावांचा धंदा होता गाड्या मोडण्याचा. आधी एन्नोरच्या लॉरीच्या कारखान्यात आणि मग निवृत्तीपर्यंत ओरगडमला एका गाड्यांच्या कंपनीत. नवी गाडी बाजारात जाण्याआधी कंपनी ती अशा माणसांच्या ताब्यात देते. मुद्दाम बांधलेला वाईट रस्ता असतो: दगडगोटे, खड्डे, पाण्याची टाकी, धुळीचा बोगदा. त्यावरून गाडी हाणायची. काही तुटेपर्यंत हाणायची आणि काय तुटलं ते सांगायचं. जग गाडी चालवून पगार घेतं, वेंकोबाराव मोडून घेत. त्यामुळे जगातली कुठलीही गाडी न मोडता चाललेली दिसली की त्यांना ती आळशी वाटायची.

निवृत्तीनंतर रविवारी लोक जुन्या डिझेल फोर-व्हील, म्हणजे चारही चाकांना ताकद जाणाऱ्या, गाड्या घेऊन दारात यायला लागले. घेऊ का नको, एवढं सांगा. ओरगडममधलं कुणीतरी कुणालातरी बोललेलं, की हा माणूस गाडीच्या पोटाखाली शिरतो आणि बाहेर येऊन एकच शब्द बोलतो, आणि तो शब्द नव्वद टक्के वेळा 'नको' असतो.

त्या रविवारी संकेत नावाचा पुण्याचा मुलगा आला. मुलगा म्हणजे तिशीचा, सॉफ्टवेअरवाला, डोक्यावर उलटी टोपी. त्याला घ्यायची होती ती गाडी मालकाकडून दिवसभरासाठी मागून आणलेली. उंच केलेली, टायर म्हशीच्या पोटासारखे, आणि बॉनेटच्या बाजूनं हत्तीच्या सोंडेसारखी एक नळी आभाळाकडे गेलेली.

"काका, नीट ऑफ-रोडिंग केलेली गाडी आहे. म्हणजे टेस्टेड आहे ना?"

"बडवूनु बडवूनु कातडं निघालेला बैल टेस्टेडच असतो," वेंकोबाराव म्हणाले. "ही सोंड कशाला?"

"पाण्यातून जाताना इंजिनला हवा मिळावी म्हणून."

"तू कोठें राहतोस?"

"शोलिंगनल्लूर. नवव्या मजल्यावर."

"मग लिफ्टला बसव."

त्यांनी पोतं अंथरलं आणि गाडीखाली शिरले. आतून त्यांचा आवाज येत राहिला, विहिरीतून यावा तसा. पुढच्या चाकांना ताकद नेणाऱ्या दांड्याचा सांधा कोरडा ठणठणीत होता. ताकद वाटणारी पेटी तेल गाळत होती, आणि विकणाऱ्यानं ते पुसून वर काळा रंग फासला होता. स्टिअरिंगचे गोळे म्हातारीच्या दातांसारखे हलत होते. मग एक हात बाहेर आला. चासीच्या, म्हणजे खालच्या सांगाड्याच्या, पोकळीतून खरवडलेला वाळका चिखल त्यांनी संकेतच्या तळहातावर ठेवला.

"हा प्रसाद. कोणत्या डोंगरचा तें मालकास विचार."

गाडी सुरू केली तर मागून काळा धूर. फोर-व्हील लावून वळवली तर पुढच्या चाकातून कट् कट् कट्. इंजेक्टर शिणलेले, सांधे झिजलेले.

"खाली चिखल, आंत चिखल, विकणाऱ्याच्या डोक्यांत चिखल," वेंकोबाराव हात पुसत म्हणाले. "नको. पोदुम्. पुरे."

संकेत ती सोंड घेऊन परत गेला. वेंकोबारावांचा नियम साधा होता: गाडीला वरून बघणारा मूर्ख, खालून बघणारा शहाणा. चिखलात गेलेली गाडी म्हणजे बाटगी गाडी. ती कुठं न्यायची, काय कामाला लावायची, हे ते कुणालाही विचारत नसत. विचारायचं ते लोखंडाला, माणसाला काय कळतं.

हे सगळं त्यांची मुलगी श्रीरंजनी दारात उभी राहून बघत होती. तिलाही गाडी हवी होती, आणि संकेतसारखी हौसेला नको होती.

रंजी श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात कंपनीच्या बसनं जायची, बसनं यायची, दिवसभर थंडगार खोलीत पाण्याच्या आणि रंगाच्या तपासण्या लिहायची. तिनं ती नोकरी महिन्याभरापूर्वी, आणी हा तमिळ महिना सरताना, सोडली होती. एका खाजगी प्रयोगशाळेनं तिला काम देऊ केलं होतं: एन्नोरच्या खाडीकाठच्या कोळीवस्त्यांतून पाण्याचे नमुने बाटल्यांत भरायचे, बर्फात ठेवायचे आणि दुपारच्या आत प्रयोगशाळेत पोचवायचे. दुपार टळली की नमुना मेला. खाडीकडे जाणारी वाट म्हणजे राखेचा नि चिखलाचा काला, म्हणून अट अशी की गाडी स्वतःची आणि फोर-व्हील हवी. पहिले काही आठवडे परीक्षेचे. तीनदा उशीर झाला की काम दुसऱ्याला. कारखान्यात तिची खुर्ची केव्हाच भरली गेली होती. परतीची बस नव्हती.

"अप्पा, तू पाहूनु दे," ती म्हणाली होती. वेंकोबारावांना मुलीनं काही मागितलं याचं इतकं बरं वाटलं, की त्यांनी त्या भरात बाजारातल्या झाडून सगळ्या गाड्यांना शिव्या दिल्या.

शेवटी आवडी नावाच्या उपनगरातून निरोप आला. महाराष्ट्र मंडळातल्या कुणीतरी सांगितलं, की विद्याधर पिंपळखरे म्हणून एक गृहस्थ आहेत, संरक्षण कारखान्याच्या लेखा विभागातून निवृत्त झालेले, आता मुलाकडे नागपूरला निघालेत आणि गाडी विकायची आहे. डिझेल, फोर-व्हील, पाच-सहा वर्षांची, फारशी न चाललेली.

"हिशेबनीसाची गाडी," वेंकोबाराव बसमध्ये रंजीला म्हणाले. "गिअर बदलण्यापूर्वी तीन प्रती काढीत असेल."

पिंपळखरे दारातच उभे होते. इस्त्रीचा लेंगा, कपाळाला गंध. आवडीत आयुष्य काढलं तरी तमिळ म्हणून त्यांच्याकडे 'वेंडाम' म्हणजे नको आणि 'सीक्रम' म्हणजे लवकर असे दोनच शब्द होते, आणि तेही रिक्षावाल्यांपुरते.

"या, या. तुमचं मराठी ऐकलं फोनवर, फार गंमत वाटली हो. एखादी जुनी बखर बोलायला लागल्यासारखं."

"आमचं मराठी शेंकडो वर्षं पायीं चालूनु आलंय, सार," वेंकोबाराव म्हणाले. "बदलीच्या हुकमावर फर्स्ट क्लासनं आलं नाही."

पिंपळख‍रे हसले, पण अर्ध्यावर थांबले. त्यांच्या बायकोनं, सुनंदाबाईंनी, पोहे आणले. वेंकोबारावांनी पोह्यांकडे तळलेल्या वर्तमानपत्राकडे बघावं तसं बघितलं आणि सगळे खाल्ले.

गाडी खाली पार्किंगमध्ये होती. तिच्यावर कापडी आच्छादन, आच्छादनाला नाड्या, नाड्यांना गाठी. पिंपळखऱ्यांनी त्या एकेक सोडल्या, मुंजीतल्या बटूचं सोवळं सोडावं तशा.

"माझा नेम आहे," ते म्हणाले. "पूजा झाली की खाली यायचं, गाडी सुरू करायची. पेपरची दोन पानं वाचून होईपर्यंत इंजिन चालू ठेवायचं. मग बंद, परत कव्हर. एक दिवस चुकवला नाही. यंत्र उभं राहिलं की खराब होतं. आमच्या कारखान्यात पाहिलंय ना मी."

"लेखा विभागांत?"

"खिडकीतून दिसायचं."

"आणि बाहेर कुठं नेता?" रंजीनं विचारलं.

"शनिवारी मारुतीला." मारुती रस्त्याच्या पलीकडच्या टोकाला होता. "घेतली तेव्हा हिमालयात जायचं होतं हो. ही म्हणाली, घाटात मला उलट्या होतात. मग माझे गुडघे. पण गाडी कशी ठेवलीय बघा. लेकरासारखी."

"लेकरासही शाळेंत पाठवतात," वेंकोबाराव पुटपुटले आणि पोतं अंथरून खाली शिरले.

खाली शिरले ते बराच वेळ बाहेरच येईनात. रंजीनं वाकून पाहिलं. अप्पा उताणे पडले होते आणि काहीच बोलत नव्हते. बोलायला काही नव्हतंच. एक ओरखडा नाही, गंजाचा ठिपका नाही, तेलाचा थेंब नाही. दांड्याच्या सांध्यावरचं ग्रीस अजून कारखान्यातल्या रंगाचं. चासीच्या पोकळीत हात घातला तर बोटाला नुसती धूळ. वर्षानुवर्षं जे वेंकोबाराव गाडीच्या पोटाखाली फक्त पापं बघत आले होते, त्यांना इथं शिवी द्यायला जागा मिळेना. भुकेल्या माणसाला रिकामं ताट मिळावं तसा त्यांचा चेहरा झाला. मग हळूहळू तो चेहरा बदलला. बाहेर आले ते जवळजवळ प्रसन्न.

बॉनेट उघडलं. तेलाची पट्टी ओढून पाहिली. तेल वरच्या खुणेच्याही वर.

"तेल घालण्यांत हात सढळ आहे," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून ही स्तुतीच.

"मी नाही घातलं," पिंपळखरे म्हणाले. "सर्व्हिसवाल्यांनी घातलं असेल जास्तीचं."

रंजीनं किल्ली फिरवली. इंजिन लगेच लागलं. समोरच्या तबकड्यांमध्ये एक पिवळा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला.

"हा कसला?"

"तो येतो-जातो. सर्व्हिसवाले म्हणतात, गाडी हायवेला न्या, लांब पळवा, आपोआप जाईल. आता हायवेला कशाला नेऊ? खराब करायला?"

"दिवे म्हणजे पोरांचं खेळणं," वेंकोबारावांनी हात झटकला. "दिवाळी करायची असते कंपनीस. गाडी खालून पाहावी."

त्यांच्या काळात, त्यांच्या वाईट रस्त्यावर, असले दिवे कधी लागले नव्हते. आणि लागले असते तरी दुसऱ्याच फेरीला आपोआप विझले असते, कारण तिथं गाडी मरेस्तोवर पळत होती. उभ्या गाडीला काय होतं, हे बघायची पाळी त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. उभी गाडी ही गाडीच नव्हे, असं त्यांचं मत.

बसस्टॉपवर रंजी म्हणाली, "अप्पा, ही कधी कुठं गेलीच नाही. मग जाईल कीं?"

"न गेलेलीच जाते. गेलेली मरते. तुज काय कळतं?"

"मज एवढंच कळतं, कीं मी चिखलांत नेणार आहे."

"घे. माझा शब्द."

तिनं घेतली. गाडीच्या पूजेला वेंकोबारावांनी स्वतः चाकांखाली लिंबं ठेवली, आणि लिंबंही चांगली नाहीत म्हणाले.

पहिला उशीर पहिल्याच आठवड्यात झाला. बाटल्या भरून, बर्फात ठेवून रंजी खाडीवरून निघाली. बंदराच्या रस्त्यावर कंटेनरवाल्यांच्या मागं रेंगाळता रेंगाळता पिवळ्या दिव्याच्या शेजारी आणखी एक दिवा लागला आणि गाडीचा जीवच गेला. म्हणजे बंद पडली नाही. पेडल दाबलं की आवाज करायची, पण पुढं जायची नाही. सरकारी कचेरीत अर्ज घेतल्यासारखी. मागून लॉरीवाले शिव्या घालत होते. ती सायकलच्या वेगानं शहरात पोचली तेव्हा दुपार टळली होती.

"तू क्लच सोडतांना पाय जड ठेवतीस," वेंकोबाराव म्हणाले.

सर्व्हिस सेंटरनं सांगितलं, धुराड्यात काजळी पकडणारी जाळी चोंदलीय. इंजिन जेमतेम कोमट होऊन रोज बंद झालं की काजळी जळत नाही, साठत जाते. त्यांनी यंत्र लावून थोडी जाळून दिली आणि वर तेच सांगितलं: हायवेला न्या. वेंकोबाराव म्हणाले, सर्व्हिस सेंटर म्हणजे टाय बांधलेले दरोडेखोर.

दुसरा उशीर खाडीवरच झाला. भरती उतरत होती. वाटेच्या वळणावर राखेचा चिखल होता, त्यात मागची चाकं बसली. रंजीनं फोर-व्हीलची कळ फिरवली. हिरवा दिवा लुकलुकला. लुकलुकतच राहिला. पुढची चाकं नव्या नवरीसारखी हलायला तयार नाहीत. मागची नुसती गरगरली आणि गाडी दारापर्यंत खाली गेली. शेवटी कोळ्यांनी जाळ्याचा दोर बांधून ओढली. ओढताना हसत होते. एक मासेविकी बाई पाटी डोक्यावर घेऊन उभी होती, ती तमिळमध्ये म्हणाली, "पोरी, हिच्यापेक्षा माझी पाटी बरी. बोलवली तिकडं येते."

संध्याकाळी प्रयोगशाळेचा फोन आला. तिथल्या बाई सभ्यपणानं बोलल्या. आता एकच उशीर उरलाय, एवढंच सांगायला फोन केला. गुरुवारी पुढचे नमुने.

रंजीनं फोन ठेवला आणि बापाकडे बघितलं नाही. रागानं बघितलं असतं तरी त्यांना परवडलं असतं.

वेंकोबारावांनी आधी चिखलाला नावं ठेवली. मग कोळ्यांना, मग हिरव्या दिव्याला. मग त्यांनी आवडीला फोन लावला.

"पिंपळखरे सार, ही कसली वंडी, कसली गाडी गळ्यांत मारलींत?"

"काय झालं हो? आमच्याकडे एकदाही बंद पडली नाही."

"गेलीच नाही तर बंद पडेल कशी?" वेंकोबाराव ओरडले. "जी कोठेंच गेली नाही ती —" आणि इथं ते थांबले. पलीकडून पिंपळखरे "हॅलो, हॅलो" करत राहिले.

"हेंच ती म्हणाली होती," भवानीबाई म्हणाल्या. त्या पडवळ चिरत होत्या. मान वर केली नाही. "बसस्टॉपवर. मज तिनं सांगिट्लं."

"तू गप."

"मी गपच आहे. पडवळाशीं बोलत्यें."

वेंकोबाराव अंगणात गेले. बॉनेट उघडून तेलाची पट्टी ओढली. तेल अजूनही खुणेच्या वर, पूर्वीपेक्षाही वर. त्यांनी पट्टीवरचा थेंब जुन्या तमिळ पेपरच्या कडेवर टेकवला. चांगलं तेल घट्ट बसतं. हे पसरलं, पातळ, पाण्यासारखं, कडेला मळकट कडं ठेवून. नाकाशी नेलं तर डिझेलचा वास. काजळी जाळायला इंजिन जादा डिझेल सोडत होतं, मालक मध्येच बंद करत होता, आणि ते डिझेल रोज थोडं थोडं तेलात उतरत होतं. हात सढळ म्हणे. ते गाढवासारखे त्या पट्टीची स्तुती करून आले होते, वर पोहेही खाऊन.

त्यांना पिंपळखऱ्यांचा मनस्वी तिटकारा आला. आपटून, धोपटून गाडी मारणारे निदान मर्द तरी. हा माणूस रोज गंध लावून, पेपर वाचत, लाडानं विष घालत होता. पण तिटकारा कितीही चघळला तरी त्याची चव शेवटी स्वतःकडेच येत होती, आणि ती गिळायची त्यांना सवय नव्हती.

"माधवरमच्या गॅरेजांत नेतों," ते आत येऊन म्हणाले. "तेल बदलतों. पुढच्या चाकांचं तें छोटं मोटर खोलतों. ग्रीस वाळूनु दगड झालं असणार. कधी फिरवलंच नाही तर फिरेल कसं?"

"मी पण येत्यें," रंजी म्हणाली.

तसंच निघालं. पुढच्या आसाला जोडणाऱ्या खटक्याची मोटर उघडली तर आत ग्रीसचा खडा. जुन्या गाड्यांत ते खेचाखेचीनं, वापरून झिजतं. हिच्यात न वापरून थिजलं होतं. साफ केलं, तेल बदललं. ब्रेकचे जबडे एका बाजूनं धरून बसले होते, तेही सोडवले. टायरवर वरून नक्षी शाबूत आणि बगलेत भेगा. ते तूर्त तसेच ठेवावे लागले. वेंकोबाराव प्रत्येक भागाला वेगळी शिवी देत होते, एकही दोनदा नाही.

मग उरली ती जाळी. तिला एकच औषध: लांब पळवणं, न थांबता, इंजिन तापवून. दुसऱ्या दिवशी पहाट फुटताच दोघं निघाले. वेंकोबाराव सवयीनं स्टिअरिंगच्या दाराशी गेले.

"मागं बैस, अप्पा."

"मागं?"

"पुढं बसलास तर बोलशील."

ते आयुष्यात कुठल्याच गाडीत मागं बसले नव्हते. बसले. बायपासवरून श्रीपेरुंबुदूरच्या दिशेला गाडी लागली, तेव्हा कंपन्यांच्या बसेस शिफ्ट बदलायला धावत होत्या. रंजीनं खालचा गिअर धरून इंजिन चढं ठेवलं. तिनं ते कुठं वाचलं होतं की सर्व्हिसवाल्यांना विचारलं होतं, ते वेंकोबारावांना कळलं नाही. "वरचा गिअर टाक, इंजिन ओरडतंय," असं त्यांच्या अगदी ओठावर आलं. मग लक्षात आलं, की ओरडू देण्यासाठीच आलो आहोत. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं आणि समोरून जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरला मनातल्या मनात झोडपलं.

ओरगडमच्या अलीकडे गाडीत जळक्या लोखंडासारखा वास आला. रंजीनं आरशातून मागं पाहिलं.

"हा कसला?"

"काजळी जळत्ये," वेंकोबाराव म्हणाले. "थांबूं नको. ब्रेक लावूं नको. ती लॉरी बाजूस घेईल, तिच्या बापाचा रस्ता नाही."

लॉरीनं बाजू दिली. ओरगडमच्या कारखान्यांच्या भिंती डावीकडून निघून गेल्या, त्यांच्या जुन्या कंपनीचं फाटकही गेलं, पण त्यांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. पुढच्या दोन सीटांच्या मधून मान काढून त्यांची नजर त्या पिवळ्या दिव्यावर होती. वालाजाबादच्या बाजूला पोचायच्या आत दिवा विझला. परत येईपर्यंत तो पुन्हा लागला नाही. तरी त्यांना भरवसा वाटेना. गाडीचा रोग लाडाचा, आणि लाडाचे रोग फसवे.

गुरुवारी सकाळी रंजी बर्फाची पेटी मागं ठेवत होती. वेंकोबाराव अंघोळ करून, शर्ट घालून, चप्पल पायात चढवून तयार.

"कोठें?" तिनं विचारलं.

"येतों. चिखलांत लागलं तर —"

"तूं नको."

"मी काय म्हणतों —"

"तूं म्हटलास म्हणूनु घेतली, अप्पा. आता मी म्हणत्यें म्हणूनु घरीं बैस." आवाज चढला नव्हता.

ती गेली. वेंकोबाराव चप्पल न काढता पायरीवर बसून राहिले. मासेवाली आली, तिचे मासे शिळे ठरले. पोस्टमन आला, त्याची सायकल ठरली भंगार. भवानीबाईंनी कॉफी दिली ती पाणचट. फोन मांडीवर होता आणि वाजत नव्हता. त्यांना राहून राहून तो वळणावरचा राखेचा चिखल दिसत होता. तिनं कळ आधीच फिरवली असेल का? लोक चाकं रुतल्यावर फिरवतात, मूर्ख, रुतायच्या आधी फिरवायची असते. हे तिला सांगितलं होतं का? नव्हतं. गाडीला शिव्या देण्याच्या नादात तेवढं राहून गेलं होतं. फोन करून सांगावं, तर ती चालवत असेल. त्यांनी फोन उचलून परत मांडीवर ठेवला.

दुपारच्या आधीच तो वाजला.

"पोचले," रंजी म्हणाली. "बाटल्या दिल्या. वेळ होता, मग कॅन्टीनमध्यें वडा खाल्ला."

"पुढची चाकं लागलीं?"

"लागलीं."

"कळ केव्हां फिरवलीस?"

"चिखलाच्या आधीं. कोळ्यांनी सांगिट्लं मागल्या खेपेला."

कोळ्यांनी. वेंकोबारावांनी चप्पल काढली.

चार वाजता गाडी दारात आली तेव्हा ओळखू येईना. चाकांपासून काचांपर्यंत राखेचा करडा लेप, एका बाजूला करवंदीसारख्या काटेरी झुडपाचा लांबलचक ओरखडा. पिंपळखऱ्यांनी पाहिली असती तर नागपूरचं तिकीट रद्द करून दवाखान्यात भरती झाले असते, या विचारानं वेंकोबारावांना दिवसात पहिल्यांदा बरं वाटलं. ते पोतं घेऊन पुढं झाले.

"राहूं दे," रंजी म्हणाली. "खालून पाहूं नको."

"चिखल आंत राहिला तर गंज —"

"मी धुत्यें. उद्यां, दाबाच्या पाण्यानं." ती पेटी उतरवत होती. "टायर पुढच्या महिन्यांत बदलत्यें. आणि दर रविवारीं हायवेला नेत्यें. तुज यायचं असेल तर मागं जागा आहे."

"ही गाडी फार दिवस चालणार नाही," वेंकोबाराव म्हणाले. "लाडावलेली आहे."

"चालेल तेवढी चालेल. दुसरी घ्यायची झाली तर मीच पाहीन."

"तूं? तुज काय दिसणार?"

"काय दिसेल तें दिसेल. निदान मालकास विचारीन, कीं हिला घेऊनु कोठें जात होतां."

असलं उत्तर दुसऱ्या कुणी दिलं असतं, तर वेंकोबारावांनी त्याच्या आजोबांपासून सुरुवात केली असती. रंजी पेटी कमरेवर घेऊन आत निघून गेली. चिखलाचे पाय पायरीवर उमटले. पोतं त्यांच्या हातात तसंच होतं.

"ऐकलांत कीं?" भवानीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "सिलिंडर संपला. डाळ अर्धी कच्ची आहे. नवा लावा."

वेंकोबारावांनी पोतं भिंतीला टेकवलं. जिन्याखालचा भरलेला सिलिंडर कडेवर तिरका धरून, गरगर फिरवत आत नेला. टोपण काढलं, रबरी वायसर बोटानं चाचपला, आणि असला टुकार वायसर कोण बनवतो म्हणून विचारलं. मग रेग्युलेटर बसवून त्यांनी वाटीत साबणाचा फेस केला आणि सांध्यावर लावून, बुडबुडा येतो का ते वाकून बघत बसले.